फोनची वही, ऑफिसची वही: कॅलेंडरचा मेळ का बसत नाही?

ऑक्टोबर २०१३ मध्ये ॲपलनं मॅकच्या कार्यप्रणालीची मॅव्हरिक्स ही नवी आवृत्ती काढली, तीही फुकट. लोकांनी हौसेनं ती टाकून घेतली, आयफोन केबलनं जोडला आणि बघतात तर आयट्यून्स या ॲपलच्या प्रोग्राममधून कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्स फोनवर चढवायची सोयच गायब. यापुढे आयक्लाउड हा ॲपलचा सर्व्हर वापरा, नाहीतर दुसरा एखादा सर्व्हर गाठा, केबल विसरा. मॅकच्या आत ‘सिंक सर्व्हिसेस’ नावाचा जो भाग ही देवाणघेवाण करायचा, तोच काढून टाकला होता. आउटलुक २०११ या मॅकवरच्या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल-कॅलेंडर प्रोग्रामची मॅकच्या कॅलेंडरशी असलेली जोडणीही त्याच भागावर टेकलेली होती, तीही गेली.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये एडवर्ड स्नोडेननं बाहेर काढलेल्या, अमेरिकी सरकारच्या पाळतीच्या कागदपत्रांनी जगभर खळबळ उडवली होती. आपल्या भेटीगाठींची यादी कुणाच्या सर्व्हरवर ठेवायची नाही, असं ठरवलेल्या माणसांना हा बदल चांगलाच झोंबला. बरीच ओरड झाली आणि मे २०१४ मध्ये मॅव्हरिक्सच्या १०.९.३ या दुरुस्तीबरोबर ॲपलनं केबलची सोय गुपचूप परत आणली.

सुरुवात या प्रसंगापासून केली, कारण कॅलेंडर जुळत नसल्याच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी जे भांडण असतं, ते इथं उघड्यावर आलं. दुकानात एक कच्ची वही असते आणि एक पक्की. दिवसभर कच्च्यात खरडायचं, रात्री पक्क्यात उतरवायचं. फरक निघाला तर पक्की खरी, हे दुकानातल्या पोऱ्यालाही ठाऊक असतं. कॅलेंडरच्या बाबतीत फोन, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं आउटलुक आणि मधला सर्व्हर, तिघंही स्वतःला पक्की वही समजतात.

सुरुवातीला असं नव्हतं. १९९६ मध्ये आलेला पाम पायलट, खिशात मावणारं डायरीचं यंत्र, हा या सगळ्यांचा आजोबा. तो बनवणारा जेफ हॉकिन्स आधी काही दिवस त्या मापाचा लाकडी ठोकळा शर्टाच्या खिशात घालून फिरला, कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळ्यावर काडीनं लिहिल्याचं नाटक करायचा, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण पायलट चालला तो खिशात मावतो म्हणून जितका, तितकाच त्याच्या पाळण्यामुळे. कॉम्प्युटरला जोडलेल्या त्या छोट्या स्टँडवर यंत्र ठेवायचं आणि एकच बटण दाबायचं. त्याला हॉटसिंक म्हणत. आधीची खिशातली यंत्रं स्वतःला छोटे कॉम्प्युटर समजत. पायलटनं मात्र आपण घरच्या कॉम्प्युटरची कच्ची वही आहोत हे मान्य केलं होतं. पहिल्या पायलट १००० ची स्मृती १२८ किलोबाइट, तेव्हा फार मिजास परवडणारीही नव्हती.

आज ज्याला आपण शिव्या घालतो, त्या ‘डबल नोंदी’ची सुरुवातही याच पाळण्यात आहे. पाममध्ये प्रत्येक नोंदीला एक खूण असायची: मागच्या हॉटसिंकनंतर ही बदलली की नाही. बटण दाबलं की फक्त खूण असलेल्या नोंदी इकडून तिकडे जात. काम झालं की खुणा पुसल्या जात. आता तेच यंत्र ऑफिसच्या आणि घरच्या अशा दोन कॉम्प्युटरना जोडलं की पंचाईत, कारण ऑफिसनं खुणा पुसलेल्या, घरच्याला काय बदललं ते कळणार कसं? मग सगळ्या नोंदी एकेक करून ताडून बघायच्या, ज्याला स्लो सिंक म्हणत. आणि तीच भेट दोन्हीकडे वेगवेगळी बदललेली असेल तर? पामच्या लोकांनी ठरवलं, दोन्ही ठेवा. नोंद हरवण्यापेक्षा दोनदा दिसलेली बरी. निर्णय शहाणपणाचा होता, पण त्याचं बिल आपण अजून भरतो आहोत. पुढे २००० मध्ये नोकिया, एरिक्सन, आयबीएम, मोटोरोला वगैरेंनी मिळून सिंकएमएल हा सामायिक नियम आणला, त्यातही स्लो सिंक नावासकट आला. नोकियाचा पीसी सूट आणि केबल ज्यांनी वापरली आहे, त्यांना एकाच माणसाचा वाढदिवस तीन वेळा वाजल्याचं आठवत असेल.

पलीकडच्या बाजूला होतं आउटलुक. मायक्रोसॉफ्टनं ते १९९७ च्या सुरुवातीला ऑफिस ९७ बरोबर आणलं आणि बघता बघता ऑफिसातली पक्की वही तेच झालं. ते बनलं एक्स्चेंजचा, म्हणजे ऑफिसची ईमेल आणि कॅलेंडर सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरचा, जोडीदार म्हणून. एकट्या कॉम्प्युटरवर असेल तर सगळा माल एका पीएसटी फाइलमध्ये. फोनला त्याच्याशी बोलायचं तर मधे दुभाष्या लागे. पामसाठी चापुरा कंपनीचा पॉकेटमिरर होता, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या विंडोज सीई यंत्रांसाठी ॲक्टिव्हसिंक. ब्लॅकबेरीनं तर ऑफिसात एक्स्चेंजच्या शेजारी आपला वेगळा सर्व्हरच मांडला.

सामायिक भाषा नव्हती असं नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये आयकॅलेंडर या भाषेचा मसुदा, आरएफसी २४४५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकवार कागद), प्रसिद्ध झाला. त्यावर दोन नावं आहेत: लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन. म्हणजे बाजारात एकमेकांचे गळे धरणाऱ्या दोन कंपन्यांची माणसं एका कागदावर. आजही ईमेलला चिकटून येणारी ती .आयसीएस फाइल याच घराण्यातली. २००९ मध्ये आरएफसी ५५४५ नं तिची डागडुजी केली. अडचण अशी की, आउटलुकनं ही भाषा बोलायला घेतली, पण विचार मात्र तो आपल्याच बोलीत करत राहिला.

हे सगळ्यात नडतं ते फिरून फिरून येणाऱ्या बैठकांमध्ये. एकदाच होणारी भेट कुणीही नीट उतरवतो. ‘दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला’ असं म्हणा, आयकॅलेंडरमध्ये एका ओळीत बसतं. आउटलुकच्या साच्यात महिन्याची तारीख एकच, त्यामुळे दोन वेगळ्या मालिका कराव्या लागतात. त्याहून गंमत अपवादांची. दर सोमवारी बैठक आहे आणि या सोमवारची पुढच्या मंगळवारी ढकलायची आहे. गुगल कॅलेंडर म्हणेल, चालेल. आउटलुक म्हणेल, नाही, मधे पुढच्या सोमवारची बैठक उभी आहे, तिला ओलांडून जाता येणार नाही. लग्नाच्या पंगतीत रांग मोडून पुढं जाऊ न देणाऱ्या आत्याबाईसारखा हा नियम. आता फोनवरून ती बैठक हलवली आणि आउटलुककडे पाठवली, तर त्यानं काय करावं? कुठं नोंद नाकारली जाते, कुठं मालिकेतून तुटून वेगळी पडते, कुठं जुनी आणि नवी दोन्ही राहतात. वापरणाऱ्याला दिसतं एवढंच की सिंक होत नाहीये.

अपवादानं किती हाहाकार होऊ शकतो याचा नमुना २०१३ च्या सुरुवातीला मिळाला. आयफोनवर आयओएस ६.१ आली आणि मोठमोठ्या ऑफिसांचे एक्स्चेंज सर्व्हर धापा टाकू लागले, फोनच्या बॅटऱ्या उतरू लागल्या. ॲपलनं कारण सांगितलं ते असं: फिरून येणाऱ्या बैठकीतल्या एखाद्या अपवादाला फोनवरून उत्तर दिलं की फोन सर्व्हरशी बोलत सुटतो, थांबतच नाही. फेब्रुवारीत ६.१.२ येईपर्यंत काही ठिकाणी सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी आयफोनना दारातच अडवलं. मधल्या एका मंगळवारची बैठक ‘येतो’ म्हणून मान्य करायची, आणि त्यापायी आख्ख्या कंपनीचा सर्व्हर वाकायचा!

दुसरं दुखणं घड्याळाचं. आपल्याकडे वर्षभर एकच वेळ, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून हे दुखणं परक्याचं वाटतं. पण मुंबईला दोन घड्याळांची सवय जुनी आहे. १९०६ मध्ये देशाची प्रमाणवेळ ठरल्यावरही मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आज हिंजवडीत अमेरिकेच्या क्लायंटबरोबर काम करणाऱ्याला मार्च आणि नोव्हेंबर बरोबर कळतात, कारण तिथं उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढं करतात. न्यूयॉर्कची सकाळी दहाची बैठक थंडीत आपल्याकडे रात्री साडेआठला येते, उन्हाळ्यात साडेसातला.

अमेरिकेनं २००५ च्या ऊर्जा कायद्यात हे घड्याळ पुढं-मागं करण्याच्या तारखाच बदलल्या. नव्या तारखा २००७ पासून लागू झाल्या; त्या वर्षी बदल एप्रिलऐवजी ११ मार्चला आणि ऑक्टोबरअखेरऐवजी ४ नोव्हेंबरला झाला. आउटलुक भेटीची वेळ ग्रिनिचच्या हिशेबात साठवतं. त्यामुळे जुन्या तारखा धरून आधीच टाकून ठेवलेल्या बैठका मधल्या त्या आठवड्यांत तासभर सरकल्या. मायक्रोसॉफ्टला नोंदी सरळ करायला वेगळं साधन द्यावं लागलं. ज्या कॉम्प्युटरवर दुरुस्ती टाकली आणि ज्या फोनवर नाही, त्यांचं एकमेकांशी जुळणं शक्यच नव्हतं. दोघंही आपापल्या हिशेबानं बरोबर होते.

यात नावांचाही घोळ आहे. विंडोज आपल्या वेळेला ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ म्हणतं. फोन आणि इंटरनेटवरचा बहुतेक माल ‘एशिया/कोलकाता’ म्हणतो, जुना असेल तर ‘एशिया/कलकत्ता’. मधे भाषांतराचा तक्ता लागतो. तो जुना किंवा अपुरा असला की वेळ गडबडते.

आणि वाढदिवस! पूर्ण दिवसाची नोंद म्हणजे काय, यावरच एकमत नव्हतं. आयकॅलेंडर तिथं नुसती तारीख लिहू देतं. आउटलुकच्या लेखी मात्र ती मध्यरात्री सुरू होऊन पुढच्या मध्यरात्री संपणारी चोवीस तासांची बैठक. मुंबईत १२ तारखेला टाकलेला आईचा वाढदिवस घेऊन तुम्ही दुबईला गेलात की तो ११ च्या रात्री साडेदहाला सुरू होतो आणि दोन दिवसांवर पसरतो. फोन आणि एक्स्चेंज ज्या नियमानं बोलतात, त्यात ‘पूर्ण दिवस म्हणजे फक्त तारीख’ हे १६.० या आवृत्तीत मान्य झालं. (तिथीनं येणारा वाढदिवस या भानगडीत घालूच नका. त्यासाठी अजून भिंतीवरचं कॅलेंडर बरं.)

तो फोन-एक्स्चेंजचा नियम म्हणजे एक्स्चेंज ॲक्टिव्हसिंक. केबलवाल्या ॲक्टिव्हसिंकशी नावाचं साम्य, काम वेगळं. मायक्रोसॉफ्टच्या नामकरणाबद्दल मी आणखी काही बोलत नाही. २००५ मध्ये एक्स्चेंज २००३ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनंतर बैठक टाकल्या टाकल्या फोनवर उमटू लागली. २००८ मध्ये ॲपलनं हा नियम परवाना घेऊन आयफोनमध्ये आणला, २००९ मध्ये गुगलनं गुगल सिंकसाठी. काही वर्षं असं चित्र होतं की मायक्रोसॉफ्टच्या बोलीत सगळे एकमेकांशी बोलताहेत. माझ्या मते सामान्य माणसासाठी हा सगळ्यात सुखाचा काळ.

तो १४ डिसेंबर २०१२ ला संपला. गुगलनं जाहीर केलं की फुकट खातेदारांना ३० जानेवारी २०१३ पासून नवा फोन या वाटेनं जोडता येणार नाही. त्याऐवजी कॅल्डॅव्ह हा कॅलेंडर जुळवण्याचा खुला नियम वापरा. कॅल्डॅव्ह २००७ पासून होताच आणि आयफोनला तो येतही होता. येत नव्हता तो मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनला. मोठी रस्सीखेच झाली, विंडोज फोनसाठी मुदत ३१ जुलैपर्यंत वाढली आणि मायक्रोसॉफ्टनं मुकाट्यानं फोनला कॅल्डॅव्ह शिकवला. डेस्कटॉपवरच्या आउटलुकला मात्र तो कधीच शिकवला नाही. त्यात भर म्हणजे गुगल कॅलेंडर आणि आउटलुक यांची जुळणी करणारा गुगलचा छोटा फुकट प्रोग्राम, २००८ चा गुगल कॅलेंडर सिंक, त्याचीही नवी डाउनलोड तेव्हाच थांबली आणि १ ऑगस्ट २०१४ ला तो पूर्ण बंद पडला. पैसे भरणाऱ्या कंपन्यांसाठी वेगळं साधन राहिलं. घरी बसून आपला धंदा आउटलुकवर चालवणारा आणि खिशात अँड्रॉइड बाळगणारा माणूस मधल्या मधे लटकला. त्यानंतर अशा माणसांचा आधार म्हणजे आउटलुकला बाहेरून जोडायची ॲड-इन्स.

आता तीही वाट अरुंद होते आहे. मायक्रोसॉफ्टनं आणलेलं नवं आउटलुक जुन्या पद्धतीची, म्हणजे सीओएम ॲड-इन्स, चालवतच नाही. जुन्या कॅल्डॅव्ह जोडण्या त्याच जातीच्या असल्यानं त्या तिथं कामाच्या नाहीत. शिवाय या आउटलुकमध्ये जीमेलचं किंवा आयक्लाउडचं खातं जोडलं की त्यातल्या मजकुराची एक प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये जाते. फोन, ॲपल किंवा गुगलचा सर्व्हर, मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर आणि कॉम्प्युटर: दोन वह्यांच्या चार झाल्या.

केबलची सोय मॅकवर आजही आहे, आयट्यून्स गेल्यापासून फाइंडर या मॅकच्या फाइल बघायच्या प्रोग्राममध्ये. पण आयफोनवर आयक्लाउड कॅलेंडर चालू असेल तर ती हात वर करते आणि सांगते की कॅलेंडर आयक्लाउडवरून जुळवलं जात आहे.