टेबल सॉची प्लेट: बीड की अ‍ॅल्युमिनियम?

घरी सुतारकामाला टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत, घ्यायचा म्हटला की पहिला वाद प्लेटचा, म्हणजे वरच्या पृष्ठभागाचा निघतो: बीड (ओतीव लोखंड) की अ‍ॅल्युमिनियम? दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात, कारण दोन्ही प्लेटा वेगवेगळ्या गरजेतून आल्या.

गोल पात्याचा उल्लेख साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यांच्या 1777 च्या पेटंटात सापडतो. पुढे गिरण्यांत ही पाती वाफेवर फिरू लागली. एका लांब शाफ्टवरून पट्ट्याने ताकद यायची. यंत्र जागचं हलायचंच नाही, मग वजनाची फिकीर कोणाला? बीड तिथं रुजलं. हवं तसं ओतता येतं आणि त्यातल्या ग्राफाइटमुळे पात्याची थरथर जिरते. खोड एकच: ओतल्याबरोबर घासून सपाट केलं तर आतला ताण नंतर सुटतो आणि प्लेट वाकते. म्हणून जुने कारखानदार ओतीव माल महिनोन्‌महिने तसाच पडू देत.

1939 मध्ये अमेरिकेत डेल्टा कंपनीचा युनिसॉ आला. त्याआधी तिरकस कापासाठी बरेचदा अख्खं टेबल कलवावं लागे. इथं पातंच कललं. आजच्या जड कॅबिनेट सॉचा, म्हणजे बंद पेटीवर बसवलेल्या टेबल सॉचा साचा हाच. अ‍ॅल्युमिनियम आलं ते यंत्र उचलून साइटवर न्यायची वेळ आली तेव्हा. अलीकडे ग्रॅनाइटही निघालं. ते गंजत नाही, पण कडेचा टवका उडतो.

विदर्भातल्या गावच्या वाढयाने बिडाची प्लेट पाहिलेली असते ती बहुधा रंधा मशीनवर. ओंडका चिरणं आरागिरणीचं काम, आणि जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानंतर त्यावरची नजर कडक झाली. घरी उरतं ते चिरलेल्या सागाच्या फळ्या मापात आणणं. त्याला 10 इंची पातं पुरतं.

खरी परीक्षा पावसाळ्यात. गडचिरोली-चंद्रपूरकडे टिनाच्या शेडमध्ये बीड आठवड्याभरात तांबूस पडतं. त्यावर ओली बाभूळ ठेवली तर लाकडातलं टॅनिन लोखंडाला लागून काळे डाग उठतात, ते घासून जाता जात नाहीत. काम संपलं की प्लेट पुसून मेणाचा हात फिरवायचा. हा नेम जमणार नसेल तर बिडाच्या नादी लागू नये.

शेड पक्की, फरशी सपाट आणि यंत्र हलवायचं नसेल तर मी बीडच घेईन. खाटेखाली सरकवून ठेवायचं असेल तर अ‍ॅल्युमिनियम. दुकानात खिशात चुंबक न्या: बिडाला चिकटतं, अ‍ॅल्युमिनियमला नाही. मग स्टीलची पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत उभी धरून खालून उजेड दिसतो का ते बघा. हलक्या यंत्रात प्लेटपेक्षा फेन्सच, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवायची ती पट्टी, जास्त दगा देते. ती दोन्ही टोकांना पात्यापासून सारखी आहे ना, हे मापूनच पैसे द्या. आणि मोटर इंडक्शनची असेल तर आधी गावातलं व्होल्टेज तपासा. उन्हाळ्यात संध्याकाळी ते उतरलं की अशी मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळतं.