गरोदरपणातली आतून तपासणी आणि पिशवीचा टाका

दिवस गेल्यावर पहिल्याच भेटीत डॉक्टर आतून तपासतात, पॅप स्मिअर (कर्करोगाच्या पूर्वतपासणीसाठी गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींचा नमुना) घेतात. कधी दुसऱ्या दिवशी तांबूस डाग दिसतो आणि आठ-दहा दिवसांत गर्भ पडतो. मग घरात एकच वाक्य ऐकू येतं: "तपासायलाच नको होतं." त्या बाईच्या मनात ते वाक्य वर्षानुवर्षं राहतं, म्हणून ते तपासून पाहायला हवं.

निश्चित झालेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते १५ टक्के गर्भपातात संपतात. त्यातले बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत होतात आणि सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. पहिली तपासणी नेमकी याच आठवड्यांत होते. शिवाय गर्भाची वाढ थांबणं आणि रक्तस्राव सुरू होणं यांत अनेकदा काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे तपासणीच्या दिवशी गर्भ आधीच थांबलेला असू शकतो.

गर्भाशयाचं तोंड म्हणजे तीन-चार सेंटिमीटर लांबीची जाड भिंतीची नळी. तिचं बाहेरचं टोक योनीत दिसतं, आतलं टोक गर्भाच्या बाजूला असतं आणि मधला मार्ग घट्ट चिकट स्रावाने बंद असतो. कुठली तपासणी किती धोक्याची, हे उपकरण या मार्गात कुठवर जातं त्यावर ठरतं.

पॅप स्मिअरमध्ये स्पेक्युलम नावाच्या उपकरणाने योनी उघडून बाहेरच्या तोंडावरून स्पॅच्युला किंवा मऊ ब्रश फिरवतात. पृष्ठभागावरच्या पेशी निघतात, बस. तरी डाग का दिसतो? गरोदरपणात इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे आतल्या मार्गाचं नाजूक, एका थराचं अस्तर बाहेरच्या तोंडावर उमलून येतं आणि तिथला रक्तपुरवठाही वाढलेला असतो. नुसत्या स्पर्शाने ते रक्ताळतं; संबंधांनंतर डाग दिसतो तोही याच कारणाने. हे रक्त तोंडावरचं असतं, गर्भाजवळचं नाही. दिवसा-दोन दिवसांत ते तपकिरी होऊन थांबतं. पॅड भिजावं इतका स्राव, गाठी किंवा पोटात कळा असतील तर मात्र लगेच दवाखाना गाठावा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही आधीच सांगावं. योनीमार्गे सोनोग्राफीचा प्रोबही योनीतच राहतो, तोंडाच्या आत जात नाही. बोटाने तपासणी टाळायची ती वार खाली असताना किंवा तसा संशय असताना, कारण तिथे बोटाच्या धक्क्याने मोठा रक्तस्राव होऊ शकतो.

स्मिअरमध्ये गंभीर बदल दिसले तर कॉल्पोस्कोपी करतात. त्यात ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावून तोंड भिंगातून पाहतात; गरोदरपणात ती सुरक्षित आहे. कर्करोगाचा किंवा तीव्र कर्कपूर्व बदलांचा संशय असेल तर अगदी छोटा तुकडा घेतात. रक्त नेहमीपेक्षा जास्त येतं, पण दाब देऊन आणि मॉन्सेल पेस्ट लावून ते थांबतं. मार्गाच्या आतून खरवडून नमुना घेणं मात्र गरोदरपणात करतच नाहीत. तारेच्या गरम वळ्याने तोंडाचा भाग कापून काढणं, म्हणजे लीप, तेही प्रसूतीनंतरवर ढकलतात. अपवाद फक्त आत पसरलेल्या कर्करोगाच्या संशयाचा. कर्कपूर्व बदल त्या काही महिन्यांत क्वचितच पुढे सरकतात, बरेचदा बाळंतपणानंतर मागे हटतात. म्हणून थांबणं हाच इथे विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. प्रसूतीनंतरची फेरतपासणी बाळाच्या धावपळीत राहून जाते, ती राहू देऊ नये.

खरी काळजी असते ती आधी कधीतरी झालेल्या लीपची, विशेषतः एक सेंटिमीटरपेक्षा खोल भाग काढला असेल तर. तोंड आखूड झाल्यावर पुढच्या गरोदरपणात मुदतीआधी प्रसूतीचा धोका वाढतो. अशा स्त्रीच्या तोंडाची लांबी साधारण १६ ते २४ आठवड्यांदरम्यान योनीमार्गे सोनोग्राफीने मोजतात. लघवी करून मूत्राशय रिकामं हवं आणि प्रोब दाबलेला नको, नाहीतर तोंड आहे त्यापेक्षा लांब दिसतं. काही मिनिटांत तीनदा मोजून सर्वांत कमी आकडा धरतात. २४ आठवड्यांपूर्वी २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर ती आखूड.

कमकुवत तोंड बांधून बंद ठेवणारा टाका हा अशा वेळचा एक उपाय, आणि इथे मुंबईचं नाव येतं. गोव्यातल्या शिरोडा गावी १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. चौथ्या ते सातव्या महिन्यात, फारशा कळा न येताच, तोंड उघडून पुन्हा पुन्हा गर्भ जाणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या. दोष तोंडाच्या कमकुवतपणात आहे, हे ओळखून त्यांनी १९५५ साली आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. मूत्राशय वर सरकवून, आतल्या टोकाच्या शक्य तितक्या जवळ, मांडीच्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी ते तोंडाभोवती बांधत. पुढे पट्टीची जागा कृत्रिम धाग्याने घेतली. १९५७ साली ऑस्ट्रेलियातल्या मॅकडोनाल्ड यांनी सोपी पद्धत दिली: मूत्राशय न हलवता चार-पाच ठिकाणी सुई घालून धागा फिरवायचा आणि बटव्याच्या नाडीसारखा आवळायचा. घड्याळाच्या ३ आणि ९ च्या जागी मोठ्या रक्तवाहिन्या असतात, त्या चुकवतात. गाठीची टोकं दोन-तीन सेंटिमीटर लांब ठेवतात, म्हणजे काढताना सापडतात.

ठरवून घालायचा टाका १२ ते १४ आठवड्यांत, बहुधा कमरेत भूल देऊन घालतात. त्याआधी घालत नाहीत, कारण गुणसूत्रदोषाचे बहुतेक गर्भपात तोवर होऊन जातात. टाका ते रोखू शकत नाही. आधी सोनोग्राफीने बाळाची स्थिती पाहतात. कळा, रक्तस्राव, संसर्ग किंवा पाणी जात असेल तर टाका घालत नाहीत.

सुई खोल गेली तर ती मार्गात शिरून गर्भजलाची पिशवी फुटू शकते. तोंड बंद असताना हा धोका कमी असतो. तोंड उघडून पिशवी खाली डोकावत असताना घाईने घातलेल्या टाक्यात तो बराच वाढतो. संसर्ग होणं, टाका सरकणं हेही घडतं. म्हणून "काळजी नको, घालून टाकू" हे कारण पुरेसं नाही. टाका घालावा की नाही असा डॉक्टरांनाच प्रश्न पडलेल्या १,२९२ स्त्रियांवरचा मोठा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. टाका घातलेल्या गटात ३३ आठवड्यांपूर्वी प्रसूती १३ टक्के, न घातलेल्या गटात १७ टक्के. म्हणजे साधारण २५ जणींना टाका घातला तेव्हा एकीची लवकर प्रसूती टळली. बाळंतपणानंतरचा ताप मात्र दुप्पट झाला. फायदा ठळक दिसतो तो आधी दुसऱ्या तिमाहीत गर्भ गेलेल्या किंवा मुदतीआधी प्रसूती झालेल्या आणि आता तोंड आखूड असलेल्या स्त्रीत. आधीचा इतिहास नसताना एकच बाळ आणि आखूड तोंड असेल, तर सहसा रोज रात्री २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक योनीमार्गे देतात. महिनोन्‌महिने पलंगावर पडून राहिल्याने तोंड टिकतं, याला पुरावा नाही. पायांत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका मात्र वाढतो.

टाका ३६ ते ३७ आठवड्यांत काढतात. मॅकडोनाल्डचा बहुधा भुलीशिवाय निघतो. शिरोडकर टाक्याची गाठ आत दडलेली असल्याने बहुधा भूल लागते. त्याआधी खऱ्या कळा सुरू झाल्या तर तो लगेच कापावा लागतो, नाहीतर आवळलेलं तोंड फाटतं. आपल्याकडे टाका एका गावी पडतो आणि बाळंतपणाला मुलगी सातव्या महिन्यात माहेरी जाते. तेव्हा टाक्याची पद्धत, धागा, गाठ कुठल्या बाजूला आणि काढायची तारीख, हे शस्त्रक्रियेच्या कागदावर लिहून घ्यावं आणि तो कागद फाईलमध्ये सर्वांत वर लावून सोबत न्यावा.