आज शंभर, की महिन्याने दीडशे?

‘आज शंभर रुपये घेतोस, की महिन्याने दीडशे?’ या प्रश्नाला पंधरा वर्षांच्या मुलाने ‘आजच द्या’ म्हटलं की घरातली मोठी माणसं ठरवून टाकतात: आजकालच्या पोरांना चैन हवी, धीर नको.

संशोधक वाउटर व्हान डेन बॉस, सॅम्युएल मॅक्ल्युअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 8 ते 25 वयोगटातल्यांना असेच प्रश्न विचारले आणि त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंगही केलं. 2015 साली आलेला त्यांचा निष्कर्ष मुलांची बाजू घेणारा आहे. किशोरवयीन मुलं तरुणांपेक्षा उतावीळ निघाली खरी. पण आजच्या मौजेची ओढ त्यांच्यात जास्त नव्हती. कमी होता तो पुढचा विचार.

कपाळामागच्या भागातून मेंदूच्या आत खोलवर, स्ट्रायटम नावाच्या भागाकडे तंतूंचे जुडगे जातात. बक्षिसाचं मोल ठरवण्यात स्ट्रायटमचा मोठा वाटा. मेंदूतलं पाणी तंतूंना आडवं जाण्यापेक्षा त्यांच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतं. एमआरआय यंत्र नेमकी ही हालचाल टिपतं आणि त्यावरून जोडणीचा अंदाज येतो. वयाबरोबर उजव्या बाजूची ही जोडणी बळकट होत गेलेली दिसली. ती जितकी बळकट, तितका निर्णयाच्या वेळी कपाळामागचा भाग सक्रिय होताना स्ट्रायटमचा जोर ओसरायचा, आणि थांबायची तयारीही वाढायची.

जोडणी बळकट होण्यात मायलिनचाही हात असतो. वायरवरच्या प्लॅस्टिकसारखं हे चरबीयुक्त वेष्टण तंतूंवर चढलं की संदेश कितीतरी पट वेगाने धावतात. मेंदूच्या पुढच्या भागात हे काम सर्वात उशिरा, विशीतही चालू असतं.

अर्थात, जोडणी आणि धीर सोबत वाढतात एवढंच यातून दिसतं. एकामुळेच दुसरं घडतं, हे सिद्ध होत नाही. शिवाय सगळा मामला तंतूंचा नाहीच. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात संशोधक सेलेस्ट किड यांनी लहान मुलांना आधी चांगलं चित्रकलेचं साहित्य आणून देण्याचं कबूल केलं. काहींना ते मिळालं, काहींच्या हातावर तुरी. मग समोर एक मार्शमॅलो, म्हणजे मऊ, गोड खाऊ, ठेवून सांगितलं, थांबलास तर दुसरा मिळेल. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. फसवली गेलेली जेमतेम 3 मिनिटं. आणि माझ्या मते त्यांचा हिशेब अगदी चोख होता.