घराची ओढ, सैनिकी प्राथमिक प्रशिक्षणातील

घराची ओढ, सैनिकी प्राथमिक प्रशिक्षणातील : सैन्यात नव्याने दाखल झालेल्या रंगरुटाला कुटुंबापासून दुरावल्यामुळे प्रशिक्षणकाळात जाणवणारी अस्वस्थता. घरच्या माणसांचे विचार पुन्हा पुन्हा मनात येणे, उदासी, झोप व भूक कमी होणे, शिकवलेल्या गोष्टीत चित्त न लागणे आणि प्रशिक्षण सोडून परत जावेसे वाटणे ही तिची सामान्य लक्षणे होत. आजच्या वैद्यकात तिला स्वतंत्र रोग मानले जात नाही; मात्र १७ व्या शतकाच्या अखेरीपासून जवळजवळ दोन शतके ती ‘नॉस्टॅल्जिया’ या नावाने रोगांच्या यादीत होती, आणि या रोगाविषयीचे बरेचसे जुने लेखन सैनिकांच्या निरीक्षणावर आधारलेले आहे.

या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन योहानेस होफर या स्विस वैद्याने बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात आढळते. प्रबंधाचे वर्ष बहुतेक अभ्यासक १६८८ असे देतात. काही जुन्या संदर्भग्रंथांत १६७८ हे वर्ष आणि होफरऐवजी हार्डर हे नाव येते. परंतु हार्डर हे त्या प्रबंधाच्या वेळचे अध्यापक असल्याने नावांची गल्लत झाली असावी, आणि १६८८ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. होफरने फ्रान्समधील स्विस सैनिकांचा उल्लेख केला असला, तरी ज्या रुग्णांची हकीकत त्याने सविस्तर दिली त्यांत बर्नहून बाझेलला शिकायला आलेला एक तरुण आणि पडल्यामुळे रुग्णालयात ठेवलेली एक शेतकऱ्याची मुलगी आहे. त्यामुळे हा रोग मुळात सैनिकांचाच होता हे पुढे रूढ झालेले विधान होफरच्या मजकुरातून पूर्णपणे सिद्ध होत नाही. दुसरीकडे, तीस वर्षांच्या युद्धातील (१६१८–४८) स्पॅनिश फौजांत अशाच खचलेल्या सैनिकांना सेवेतून मुक्त केल्याचे दाखले इतिहासकारांनी दिले आहेत. अनुभव नामकरणाहून जुना होता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

कारणांविषयी मतभेद दीर्घकाळ चालले. १८ व्या शतकाच्या प्रारंभी योहान याकोब शॉइख्त्सर या स्विस वैद्याने, डोंगराळ प्रदेशातील माणूस सखल भागात आला की हवेच्या वाढलेल्या दाबामुळे त्याच्या शरीरातील रक्ताभिसरण मंदावते, असे प्रतिपादन केले व रुग्णांना उंच जागी ठेवण्याचा उपाय सुचवला. हा रोग केवळ स्विस लोकांना होतो, या तेव्हाच्या समजुतीला या उपपत्तीमुळे बळ मिळाले. इतर देशांच्या फौजांतही तो नोंदला जाऊ लागल्यावर ती मागे पडली. आल्प्समधील गुराख्यांची धून वाजवण्यास स्विस पलटणींत देहदंडाची धमकी देऊन बंदी होती, ही हकीकत रूसोच्या १७६८ च्या संगीतकोशामुळे सर्वत्र पसरली. तशा हुकुमाचा समाधानकारक समकालीन पुरावा पुढे आलेला नसल्याने ती जपूनच वापरावी. ऑस्ट्रियन वैद्य आउएनब्रुगर याने १७६१ मध्ये दिलेले निरीक्षण मात्र प्रस्तुत विषयाशी थेट जुळते : सक्तीने भरती केलेली आणि घरी परतण्याची आशा सुटलेली तरुण मुले अबोल होतात, खंगत जातात. येथे कारण हवामानात वा जन्मभूमीच्या उंचीत शोधलेले नसून परतीची आशा संपण्यात शोधले आहे, आणि पुढील सर्व संशोधनाच्या दृष्टीने ही दिशाच अधिक योग्य ठरली.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या सक्तीच्या भरतीत हा प्रश्न तीव्र झाला. १७९३ मध्ये फ्रान्सच्या उत्तरेकडील सेनेत आजारपणाच्या रजा थांबवताना नॉस्टॅल्जियाच्या रुग्णांना अपवाद करण्यात आला होता. सेनेचे शल्यचिकित्सक लारे यांनी या रोगाच्या चढत्या अवस्था वर्णिल्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेकडील सैन्याच्या वैद्यकीय नोंदींत ५,००० हून अधिक प्रकरणे आढळतात. सेनेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी विल्यम हॅमंड यांनी रंगरुटाचे किमान वय २० वर्षे असावे अशी शिफारस केली होती. १८६४ मध्ये याच सैन्यातील वैद्य थिओडोर कॅल्हून यांनी शहरी मुलांपेक्षा ग्रामीण मुले या विकाराला अधिक बळी पडतात असे मत मांडले. रजा मिळण्याची आशा, सततचे काम आणि प्रत्यक्ष लढाई यांचा त्यांनी उपाय म्हणून उल्लेख केला असून थट्टेचाही उपयोग होतो असे म्हटले आहे. थट्टेविषयीचा हा अभिप्राय आजच्या ज्ञानाला धरून नाही आणि तो अनुकरणीय मानता येत नाही. या काळात नॉस्टॅल्जियाने झालेले म्हणून नोंदलेले मृत्यूही सावधपणे वाचावे लागतात, कारण छावण्यांत विषमज्वर व आमांश यांचा प्रादुर्भाव मोठा होता आणि खंगणे हे त्यांचेही लक्षण आहे. १९ व्या शतकाच्या अखेरीस हे निदान वैद्यकातून जवळजवळ नाहीसे झाले.

प्राथमिक प्रशिक्षणाची रचनाच या अनुभवाला पोषक असते. अमेरिकेच्या भूसेनेत ते सुमारे १० आठवडे, तर मरीन दलात १३ आठवडे चालते. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ मध्ये वर्णिलेल्या ‘सर्वंकष संस्थां’मध्ये तुरुंग, मठ यांच्याबरोबर सैनिकी बरॅकही येते : झोप, काम व विरंगुळा एकाच जागी, एकाच अधिकाराखाली, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे. केस कापणे, गणवेश देणे, खाजगी वस्तू काढून घेणे आणि नावाऐवजी हुद्द्याने वा क्रमांकाने हाक मारणे यांतून पूर्वीची ओळख बाजूला सारली जाते. मुलगा, भाऊ, पती वा आई म्हणून असलेले स्थान या काळात कोणाच्याच लेखी नसते, आणि घरच्या आठवणीत नेमके तेच स्थान शोधले जाते. म्हणूनच कवायत, शस्त्राभ्यास व दौड यांनी दिवस भरलेला असताना ही ओढ तुलनेने दबलेली राहते. रात्रीचा पहारा, दिवे मालवल्यानंतरचा वेळ आणि सुटीचा दिवस जड जातो. मानसशास्त्रज्ञ शर्ली फिशर यांनी १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासांतही, मन रिकामे असताना असे विचार अधिक येतात असे दिसले होते.

नेदरलँड्समध्ये सक्तीची सेवा चालू असताना तेथील रंगरुटांवर १९९० च्या दशकात विशेष अभ्यास झाले. व्यक्तिस्वभाव आणि पूर्वी घराची ओढ लागल्याचा अनुभव यांचा संबंध त्यांत तपासला गेला. याच दशकात मुलांच्या निवासी शिबिरांवर झालेल्या संशोधनात, घरापासून दूर राहण्याची पूर्वीची सवय नसणे हा धोक्याचा घटक ठरला. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या आसक्तीविषयक (जवळच्या माणसाशी जडणाऱ्या भावबंधाच्या) सिद्धांताच्या आधारे, जवळच्या माणसापासूनच्या ताटातुटीची ही स्वाभाविक प्रतिक्रिया आहे असे आता बहुधा मानले जाते. ती दुर्बलतेची खूण नव्हे, हे येथे स्पष्ट नोंदवणे आवश्यक आहे, कारण तसे मानल्यामुळेच अनेक रंगरूट ती लपवतात.

घरच्यांशी संपर्क किती असावा, यावर एकमत नाही. मोबाइल काढून घेऊन ठरलेल्या दिवशी थोडा वेळ बोलू देण्याची पद्धत अनेक सैन्यांत आहे. संपर्काने जखम पुन्हा उघडते असे काही प्रशिक्षकांचे मत असते, आणि फोननंतर काही काळ उदासी वाढते हे खरेही आहे. तरी पूर्ण तुटलेपणापेक्षा अगोदर माहीत असलेला, नियमित संपर्क अधिक हितकर दिसतो. पत्राचा येथे वेगळा उपयोग होतो : ते सवडीने लिहिता येते, पुन्हा वाचता येते आणि लिहिणाऱ्याला दिवसातील घटनांना क्रम लावावा लागतो. तुकडीतील सोबत्यांशी जुळलेले नाते हा दुसरा मोठा आधार होय. बहुतेकांची ओढ पहिल्या काही आठवड्यांनंतर ओसरते. ती ओसरत नसेल, जेवण-झोप बिघडलेली राहिली किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर समायोजन विकार (नव्या परिस्थितीशी जुळवून घेता न आल्याने होणारा मानसिक विकार) वा अवसाद (नैराश्याचा विकार) यांची शक्यता वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तत्काळ तपासून घेतली जाते.