जाम बोल्ट काढणे

गंजून, चिकटून किंवा डोके तुटून अडकलेले बोल्ट, स्क्रू व स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) भोकातले आटे (मळसूत्राच्या खाचा) शाबूत ठेवून मोकळे करण्याचे फिटरकाम. गोव्यात ट्रॉलर, बार्ज, छपराचे पत्रे आणि दुचाकीचे सायलेन्सर यांवर ते नेहमीच करावे लागते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. मालीम, कुटबण या मासेमारी धक्क्यांवरच्या ट्रॉलरांच्या डागडुजीला हेच दिवस सोयीचे.

गोव्यात मळसूत्री बोल्ट निदान १८८० च्या दशकापासून, म्हणजे मुरगाव बंदर व तेथून घाट चढणारा लोहमार्ग उभा राहिला तेव्हापासून तरी वापरात असावा. लोहमार्ग ब्रिटिश कंपनीचा होता. म्हणून सत्ता पोर्तुगीज असली तरी आरंभीचे आटे जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेल्या इंची मापाचे असण्याचा संभव अधिक. हा फरक आजही नडतो. इंची बोल्टाला मिलिमीटरचा पाना लावला की कोपरे झिजून डोके गोल होते.

गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असते, त्यामुळे आट्यांतली फट तो ठासून भरतो. खाऱ्या हवेत ही क्रिया वेगाने होते. अल्युमिनियममध्ये बसवलेला स्टेनलेस बोल्ट स्वतः गंजत नाही, पण खाऱ्या पाण्यात दोन धातूंची जणू बॅटरीच होते. अल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी बोल्टाला आवळते.

तापवण्याने नेमके काय घडते याबद्दल दोन मते आहेत. एक, नट फुगून सैल होतो. १२ मिमी व्यासाच्या पोलादी जोडात नट बोल्टापेक्षा ३०० अंश सेल्सिअसने जास्त तापला, तर जेमतेम ०.०४ मिमी फट मिळते. दोन्ही सारखेच तापले तर तेवढीही नाही. दुसऱ्या मते, असमान प्रसरणाने गंजाचा थर तडकतो आणि निवताना तेल आत शिरते. दुसरे मत अनुभवाशी अधिक जुळते. ज्योत लावण्याआधी तेल, डिझेल पुसलेच पाहिजे.

घाई इथे सर्वांत महाग पडते. तेल सोडून रात्रभर मुरू द्यावे, डोक्यावर हातोडीचे सरळ ठोके द्यावेत, मग पाव फेरा सोडून पुन्हा थोडे आवळावे. करकर आवाजासरशी तांबूस भुकटी बाहेर येऊ लागली की बोल्ट हलला असे समजावे. नुसताच लवचिक वाटत असेल तर तो पिळवटतो आहे, तिथेच थांबावे.

तुटलाच, तर बाहेर उरलेल्या टोकावर नट वेल्ड करून फिरवतात. त्या उष्णतेनेही गंज सुटतो. टोक भोकात असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल करतात व उलट आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (तुटका बोल्ट फिरवून काढण्याचे हत्यार) बसवतात. तो कडक आणि ठिसूळ असतो. आत मोडला तर साध्या ड्रिलने निघत नाही. म्हणून एम १० म्हणजे १० मिमी व्यासाच्या बोल्टाला (पिच, म्हणजे दोन आट्यांतले अंतर, १.५ मिमी) थेट ८.५ मिमीपर्यंत ड्रिल करणे बरे: छिद्र मध्यावर असेल तर उरलेले आटे स्प्रिंगसारखे उलगडून निघतात, आणि टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) फिरवून भोक साफ होते.