दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन : सरावाला येण्यापूर्वी हे वाचा

(इंदूरच्या एमबीए-बीबीए विद्यार्थ्यांसाठी)

प्रेझेंटेशन बहुतेक वेळा आदल्या रात्रीच फसतं. दोन वाजेपर्यंत स्लाइडचे रंग बदलत बसायचं आणि तोंड पहिल्यांदा उघडायचं ते थेट वर्गात! म्हणून आमचा आग्रह एकच: स्लाइड कच्च्या असल्या तरी चालेल, पण तीन दिवस आधी उभं राहून, मोठ्यानं, घड्याळ लावून एकदा बोलून पाहा. मनात वाचताना सहा मिनिटांत संपलेला मजकूर तोंडानं बोलताना सहज नऊ मिनिटं घेतो. दहा मिनिटं मिळणार असतील तर तयारी आठचीच ठेवा, म्हणजे साधारण नऊशे शब्द आणि सहा-सात स्लाइड. उरलेला वेळ लॅपटॉप जोडण्यात जातोच.

स्लाइडच्या शीर्षकात विषयाचं नाव नको, निष्कर्ष हवा. ‘इंदूरमधील कचरा व्यवस्थापन’ एवढंच लिहिलं तर खालच्या तक्त्याचा अर्थ सरांना स्वतः लावावा लागतो आणि तेवढा वेळ त्यांचं तुमच्याकडे लक्ष नसतं. त्याऐवजी लिहा: ‘देवगुराडिया प्रकल्पाची क्षमता : रोज ५५० टन ओला कचरा, त्यातून १७ हजार किलो बायो-सीएनजी’. मग तक्त्यातले निम्मे आकडे काढून टाकता येतात. प्रकल्पाचं उद्घाटन फेब्रुवारी २०२२ मध्ये झालं, हे तोंडी सांगितलं तरी पुरे. आता या शीर्षकावर एक प्रश्न हमखास येणार: ही झाली क्षमता, प्रत्यक्षात किती निघतो? त्याचं उत्तर, आकडा कुठून घेतला त्यासकट, ‘थँक यू’च्या मागे एका राखीव स्लाइडवर तयार ठेवा. अशा दोन-तीन राखीव स्लाइडनीच प्रश्नोत्तरं सावरतात. स्लाइड शो चालू असताना त्या स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की ती थेट उघडते.

अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान नको. लॅपटॉपपासून सहा-सात फूट मागे जाऊन वाचता येतंय का पाहा. फिकट पिवळा आणि राखाडी रंग टाळाच. खोलीतल्या ट्यूबलाइट चालू असल्या की पडद्यावर ते दिसतच नाहीत.

घरी मराठी, कॉलेजात हिंदी आणि वर्गापुढे इंग्रजी, अशी आपल्या मुलांची तिहेरी कसरत असते. अडखळायला होतं ते मुख्यतः आकड्यांवर. १० लाख म्हणजे १ मिलियन, १ कोटी म्हणजे १० मिलियन. पण हा हिशेब बोलता बोलता करू नका. एकच पद्धत ठरवा आणि स्लाइडवरही तीच लिहा. पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं तोंडपाठ हवीत, कारण सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात श्वास सगळ्यात तोकडा असतो. मधलं मात्र पाठ करू नका. पाठांतरातलं एक वाक्य निसटलं की पुढचं सगळंच जातं.

गटात बोलताना नुसतं नाव पुकारून माइक देऊ नका, प्रश्न सोपवा: ‘खर्च किती ते कळलं, तो किती वर्षांत भरून निघेल, हे आता स्नेहा सांगेल.’ ऐकणाऱ्याचा धागा तुटत नाही.

फाइल पेनड्राइव्हवर दोन रूपांत ठेवा, मूळ पीपीटी आणि पीडीएफ. हिंदी किंवा मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेवमध्ये केला आणि दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला, तर अक्षरांचा चुराडा होतो. पडद्यावर काहीच दिसत नसेल तर विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा.

आमच्याकडचा सराव ९० मिनिटांचा असतो. तुमचा मोबाइल छातीच्या उंचीवर लावून पूर्ण प्रेझेंटेशन रेकॉर्ड करतो आणि ते दोनदा दाखवतो. आधी आवाज बंद करून: हात कुठे असतात, पडद्याकडे वळून किती वेळ वाचलं जातं, हे तुम्हीच मोजायचं. मग चित्र झाकून नुसतं ऐकायचं. ‘मतलब’ आणि ‘बेसिकली’ किती वेळा आलं ते कागदावर रेघा मारून नोंदवायचं. त्यानंतर लगेच दुसऱ्यांदा बोलायचं, कारण सुधारणा होते ती याच फेरीत.

येताना स्वतःचा लॅपटॉप, चार्जर, एचडीएमआयचं अडॅप्टर लागत असेल तर ते आणि प्रेझेंटेशनमध्ये कशाला किती गुण, याचा कॉलेजनं दिलेला तक्ता आणा. गट असेल तर सगळ्यांनी यायचं. एकजण कमी असला तर माइक सोपवण्याचा सराव होत नाही, म्हणून तारीख बदलून घ्या.