चालता डेस्कटॉप बदलण्याच्या प्रश्नामागची पार्श्वभूमी

चांगला चालणारा डेस्कटॉप बदलावा की तसाच ठेवावा, हा प्रश्न पूर्वी फारसा अवघड नव्हता. प्रोसेसरचा वेग इतक्या झपाट्याने वाढत होता, की तीन-चार वर्षांचे यंत्र नव्या प्रोग्रामांपुढे उघडपणे मागे पडे आणि बदलाचा निर्णय कामच घेऊन टाकी. २००४मध्ये हा वेग ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला, उष्णता आवरेनाशी झाली आणि ४ गिगाहर्ट्झचा नियोजित प्रोसेसर रद्द करावा लागला. त्यानंतर भर कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणना-एककांची, संख्या वाढवण्यावर आला, ज्याचा लेखन-हिशेबासारख्या कामांना बेताचाच लाभ होता. पुढे हार्ड डिस्कच्या जागी अधिक वेगवान साठवण असलेली एसएसडी बसवली आणि रॅम (चालू कामापुरती मेमरी) वाढवली, की जुना डेस्कटॉप आणखी कित्येक वर्षे समाधानकारक चालू लागला.

हे चित्र २०२१मध्ये बदलले. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला आलेल्या विंडोज ११साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि मान्य यादीतला प्रोसेसर अनिवार्य ठरवण्यात आला. चर्चा झाली ती मुख्यतः टीपीएमची, आणि तिथेच गोंधळ वाढला. अनेकांनी तो मदरबोर्डवर, म्हणजे सारे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, वेगळी बसवायची चिप समजून विकत घेतला. प्रत्यक्षात त्याआधीच्या कित्येक वर्षांतल्या बहुतेक प्रोसेसरांत तो फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रातच साठवलेल्या सॉफ्टवेअरच्या, रूपाने होताच. फक्त बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) बंद ठेवलेला असे. खरी अडचण प्रोसेसरच्या यादीची होती. इंटेलच्या कोअर मालिकेची आठवी पिढी आणि एएमडीच्या रायझनची २००० मालिका ही साधारण सीमा ठरली, त्यामुळे २०१७च्या आरंभी बाजारात आलेली सातवी पिढी अवघ्या चार-पाच वर्षांत बाहेर पडली. यादीबाहेरच्या चाचणी-यंत्रांत कर्नल पातळीवरचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातले, बिघाड ५२ टक्के अधिक आढळले, असे कारण विंडोजची निर्माती मायक्रोसॉफ्टने दिले. मात्र सातव्या पिढीतल्या ज्या मोजक्या प्रोसेसरांना सूट मिळाली, त्यांतला एक मायक्रोसॉफ्टच्याच तेव्हा विक्रीत असलेल्या संगणकात होता. सुरक्षिततेचा मुद्दा खरा आहे. पण रेषा नेमकी तिथेच का ओढली, याचे पटणारे उत्तर त्यातून मिळत नाही, आणि उत्तम चालणारी असंख्य यंत्रे तिच्या पलीकडे राहिली.

डेस्कटॉप असल्याने केवळ प्रोसेसर बदलून पाहावा, तर तिथेही सर्वांना सारखी संधी नव्हती. आठव्या पिढीच्या सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेत) पिनांची संख्या पूर्वीइतकीच, ११५१, असूनही जुना मदरबोर्ड तिला चालत नव्हता. उलट रायझनसाठीच्या एएम४ सॉकेटच्या २०१७मधल्या अनेक बोर्डांवर बायोस अद्ययावत करून रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर बसू शकले. या मंडळींना बाकी सारे भाग तसेच ठेवून नव्या प्रणालीकडे जाता आले.

विंडोज १०चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्या दिवशी एकही यंत्र बंद पडले नाही, मात्र सुरक्षा अपडेट थांबली. घरगुती वापरकर्त्यांना ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळवण्याची वाढीव योजना देण्यात आली, म्हणजे थांबण्याला प्रथमच अधिकृत मुदत लाभली. याच सुमारास, २०२५च्या अखेरीस, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचे उत्पादन वळल्याने रॅमचे भाव भडकले. नवे मदरबोर्ड बहुतांशी डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम मागतात आणि जुनी डीडीआर४ त्यांत बसत नाही. परिणामी, ज्यांना प्रोसेसरसोबत मदरबोर्डही बदलावा लागतो, त्यांच्या खर्चात रॅमची भर नेमकी महागाईच्या काळात पडली.